ना घेणं, ना देणं

ऑस्ट्रेलियाच्या थंड दक्षिण टोकाला, होबार्टच्या बोटींच्या कारखान्यात क्लाइव्ह टॅसेल तीस वर्षं वेल्डिंगने अॅल्युमिनियमचे पत्रे जोडत होता आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला एकच पुराण ऐकवत होता. "अणूला बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन लागतात. ज्याला कमी पडतात तो शेजाऱ्याचे ओढतो, नाहीतर भागीदारी करतो. सगळी जोडाजोड त्यातूनच. या सिलिंडरमधल्या आर्गॉन वायूचे आठ आधीच भरलेले. ना कुणाचं घेणं, ना कुणाला देणं. म्हणून तर तो वितळलेल्या धातूवर पांघरूण घालून बसतो, हावऱ्या ऑक्सिजनला जवळ फिरकू देत नाही आणि स्वतः कशात पडत नाही." मग छातीवर थाप मारून म्हणायचा, "तसाच मी."

रंगखात्यातली ग्लेनिस दर शुक्रवारी चहाच्या सुट्टीत दोन लॅमिंग्टन आणायची आणि विचारायची, "एक घेतोस?" खोबऱ्यात घोळवलेला तो केक म्हणजे क्लाइव्हचा जीव की प्राण. तरी अकरा वर्षं हा शहाणा म्हणत आला, "पोट भरलंय माझं." मग कोपऱ्यात जाऊन सुकी बिस्किटं चावायचा. अकलेचा कांदा म्हणतात तो हाच, हे त्याला स्वतःलाही कळत होतं.

आज ग्लेनिसचा शेवटचा दिवस. ती कायमची बहिणीकडे, दूर उत्तरेला केर्न्सला निघाली होती. 'थांब' हा एवढासा शब्द क्लाइव्ह सकाळपासून गिळत होता. दुपारी ती निरोप घ्यायला आली, तर हा म्हणाला, "तिकडे उकडतं हं."

वा रे पठ्ठ्या.

ती वळल्यावर त्याने शेडचा मोठा दरवाजा हातभर सरकवला आणि कामाला बसला. पाचच मिनिटांत जोड काळा पडला, भोकाभोकांचा झाला. बंदरावरच्या वाऱ्याने आर्गॉन उडवून नेला होता.

"कुठल्या गाढवाने दार उघडलं?" मुकादम ब्रेट कडाडला.

"या गाढवाने," क्लाइव्ह म्हणाला.

आवाज ऐकून ग्लेनिस हातात खोकं घेऊन परत आली. "काम चालू असताना तू कुणाला पंखासुद्धा लावू देत नाहीस. आज काय झालं?"

"तिथून गाड्या दिसतात," क्लाइव्ह जमिनीकडे बघत पुटपुटला. "तू जाताना दिसली असतीस." त्याचे कान तापले. "माझे आठ-बिठ काही भरलेले नाहीत, ग्लेनिस. नको जाऊस."

ब्रेट निघून गेला. ग्लेनिसने दरवाजा लावला, स्टूल ओढलं.

"आधी हे घासून काढ आणि नीट जोड. दोन तास लागतील. तोवर बसते मी, केर्न्सचं मग बघू." तिने खोकं उघडलं. "एक घेतोस?"

"घेतो," क्लाइव्ह म्हणाला आणि काळे हात तसेच पुढे केले.