बगळ्याचा दोरा

आमच्या शिवणाच्या दुकानाचं चिन्ह म्हणजे चोचीत सुई धरलेला बगळा. आमच्या ह्यांनी तो स्वतः पत्र्यावर रंगवला होता. तो पत्रा गंजून कधीच भंगारात गेला. उरला एकच फोटो, तोही तळहाताएवढा. दुकानाच्या दारात हे उभे आणि ह्यांच्या डोक्यावर बगळा. थोरल्यानं नवं दुकान घेतलं तेव्हा मी अट घातली, पाटी लागेल तर त्याच बगळ्याची.

थोरल्याची बायको घरी बसून हेच काम करते. लोकांच्या कंपन्यांची चिन्हं कॉम्प्युटरवर रेघारेघांनी काढून देते, मग लेझरचं मशीन त्या रेघांवरून पत्रा कापतं. मशीनला फोटो कळत नाही, रेघ कळते, असं ती म्हणते. मी म्हणायची, दिवसभर एक बोट हलवायचं आणि संध्याकाळी दमले म्हणायचं.

तिनं फोटो मोठा करून बगळा काढायला घेतला आणि मला बोलावलं.

"आई, ही मानेवरून आडवी रेघ कसली?"

"दोरा. सुई आहे तर दोरा नको?"

"पण सुईतून तर जातच नाहीये. आणि मध्येच ही गाठ. बाबांना विचारू का?"

ह्यांची नजर आता अधू झालीय. माणसं आवाजावरून ओळखतात.

"त्यांना काय दिसणार? मी त्या दुकानात जन्म काढलाय. सासऱ्याच्या हाताला नावं ठेवण्याएवढी तू मोठी झाली नाहीस अजून. आहे तसं काढ, रेघ न् रेघ."

माझा चष्मा तेव्हा कपाटावर होता. कोण उठतंय.

ती "बरं" म्हणाली.

दुकान उघडायच्या सकाळी कापून आलेला बगळा दाराशी टेकवून ठेवला होता. काळाकुळकुळीत, देखणा. नातेवाईक जमले होते, आणि मी येईल त्याला दोरा दाखवत होते. मग हे पुढे आले आणि बोटांनी बगळा चाचपायला लागले. चोच, सुई, मान. ओळखीचं हसले. मानेवरच्या रेघेपाशी बोट अडलं. रेघेवरून सरकत गाठीपर्यंत गेलं.

"अगं," हे म्हणाले, "तुझी धुणं वाळत घालायची तार इथं कशी आली? चिमट्यासकट?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. पाटीसमोरून बांधलेली माझीच तार. इतकी रोजची की फोटोत असून मला दिसली नाही.

माझी नणंद संधी सोडणारी नव्हे. सुनेला म्हणाली, "एवढी शिकलेली ना तू? बगळा वाळत घातलास की गं."

सून माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी तिच्यावरच उलटले असते. ती पायांकडे बघत म्हणाली, "माझ्या लक्षात आलं नाही, आत्या."

माझी जीभ कात्रीसारखी चालते असं चार गल्ल्यांत म्हणतात. त्या वेळी ती टाळूला चिकटली. लोक चहाकडे वळले, नणंदेनं तीच गोष्ट दुसऱ्यांदा रंगवून सांगितली, तरी मी कप पुसत उभी. सुनेचे कान लाल झालेले दिसत होते.

"वन्सं," मी शेवटी म्हणाले, "तिनं विचारलं होतं. दोरा मी म्हणाले. ह्यांना विचारू नको, हेही मीच म्हणाले."

"तुम्ही, वहिनी?" नणंदेला ते इतकं गोड लागलं की त्या चहात साखर नसती तरी चाललं असतं. मी मान खाली घातली. घालायची सवय नव्हती, दुखली.

दुपारी सून पुन्हा फोटो उघडून बसली. मी चष्मा लावून शेजारी बसले. तिनं तार पुसली, चिमटा पुसला. मग बगळ्याच्या पायाशी थांबली.

"आई, हा ठिपका बाबांनी काढलाय, की फोटोवरचा डाग आहे?"

माझं उत्तर जिभेवर तयार होतं. मासा. बगळ्याच्या पायाशी दुसरं काय असणार?

ते मी गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "त्यांना हाक मार."