भरल्या गाडीचा आकडा

सभा अकरा वाजता होती; काचवाला साडेनऊलाच येऊन बसला होता. बसला होता असे म्हणायचे एवढेच, कारण बूड टेकवायला तो कुठेच तयार नव्हता. शोरूमच्या आवारात, चार्जिंगच्या यंत्राशेजारी त्याची निळी इलेक्ट्रिक पिकअप उभी होती. तिच्या पाठीवर लोखंडी घोडी, घोडीला टेकून आठ मोठ्या काचा उभ्या, मधे नमद्याच्या पट्ट्या, वरून दोन आवळपट्टे. गाडीभोवती एक फेरी मारावी, पट्टा ओढून पाहावा, मधल्या बोटाच्या पेराने एखाद्या काचेवर हलकेच टकटक करावी, आवाज ऐकावा आणि पुन्हा फेरी, असे त्याचे चालले होते. तडा डोळ्यांआधी कानाला कळतो, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेले ज्ञान. पण आज काचांत काही दोष नव्हता. दोष कुठे होता ते त्याला पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते.

शोरूमच्या दारावर गाडीच्या कंपनीचे पत्रक चिकटवले होते. त्यावर त्याचाच फोटो होता, आणि फोटोखाली त्याचेच वाक्य: 'एका चार्जिंगमध्ये चारशे दहा किलोमीटर. मी स्वतः मोजले आहेत. – एक समाधानी काच व्यावसायिक'.

वाक्य खोटे नव्हते. त्याने खरोखरच मोजले होते. पण काच लादलेली असताना काचवाला कधी समोरच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहत नाही. त्याची नजर रस्त्यावर असते, आणि रस्त्यावरून हटली की बाजूच्या आरशात, काचेवर. वडिलांनी त्याला गाडी शिकवली तीच अशी. गाडीचे काय होते ते नंतर बघता येते, काचेचे नाही, असे ते म्हणत. काचा पोचवून, घोडी दुमडून, रिकामी गाडी घराकडे वळवली की मगच तो मोकळ्या मनाने पडद्याकडे बघे. किती टक्के उरले, किती किलोमीटर झाले याचा हिशेब तिथून पुढे चाले. चार महिने त्याने इमानेइतबारे मोजले, ते सगळे रिकाम्या गाडीचे.

तीन आठवड्यांपूर्वी एका दुकानाच्या दर्शनी काचा घेऊन लांबच्या गावी जाताना गाडी मुक्कामाच्या अलीकडे दोन किलोमीटरवर बंद पडली. रस्त्याच्या कडेला सोळा काचा पाठीवर घेऊन मुकाट उभी राहिली. त्यानंतर तीन खेपा त्याने मन घट्ट करून आरशाऐवजी पडद्याकडे पाहिले. घोडी टपाच्या वर हातभर जाते. भरली की वारा तिच्यावर आदळतो, आणि वजन असते ते वेगळेच. दोनशे पाच. एकशे ब्याण्णव. एकशे सत्त्याण्णव. चौथी खेप त्याने मोजली नाही.

हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते, ते आता फाटकातून आत येत होते.

दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. सदऱ्याच्या खिशात अजूनही टोक काढलेली पेन्सिल असे. हातात प्लास्टिकची फाइल होती आणि चेहऱ्यावर स्नेहसंमेलनाला निघाल्यासारखा उत्साह.

"अरे, तू चहासुद्धा घेतला नाहीस? आजचा हिरो तूच. दारावर फोटो लावलाय बघ तुझा! त्यात जरा जाड दिसतोस, पण असू दे."

"दाजी, जरा बोलायचं होतं."

"बोलू ना. आधी हे बघ." त्यांनी फाइलमधून एक फॉर्म काढला. कंपनी दुसरा कारखाना उभारणार होती आणि त्यासाठी दाजींसारख्या जुन्या भागधारकांना नवे शेअर देणार होती. फॉर्म आज चारच्या आत द्यायचा होता. दाजींनी तो सुवाच्य अक्षरात भरला होता; निवृत्तीचे जे उरले होते ते सगळे त्यात होते. सही तेवढी बाकी होती.

"सगळं?" काचवाल्याने विचारले. "ताई काय म्हणाली?"

"तुझी ताई म्हणाली, धाकट्याने स्वतः गाडी चालवून सांगितलंय ना, मग मला काय विचारता."

काचवाल्याचे बोट नकळत गाडीच्या दारावर टकटक करू लागले. सांगावे, इथेच सांगावे, असे वाटत असतानाच वरून हाक आली आणि दाजी जिना चढू लागले.

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या होत्या. एकीकडे गाडीमालक, दुसरीकडे गुंतवणूकदार. लग्नात दोन्हीकडची मंडळी बसावी तशी माणसे एकमेकांना न्याहाळत होती. कंपनीतर्फे आलेल्या तरुण बाईंना सगळे मॅडम म्हणत होते. बोलणे मृदू, पण हातातल्या घड्याळाकडे वारंवार लक्ष.

गुंतवणूकदारांत सर्वांत पुढे बसलेले जाडजूड गृहस्थ तीस वर्षे शेअरबाजारात होते. त्यांचा कोणताही शेअर त्यांच्या बोलण्यात कधी पडत नसे, म्हणून सगळे त्यांना तेजीवाले म्हणत. त्यांनी सुरुवात केली.

"डिझेलच्या गाड्यांचे दिवस भरले. ज्याला दिसत नाही त्याने चष्मा बदलावा. ही गाडी म्हणजे उद्याचा दिवस आहे, आणि तो आज स्वस्तात मिळतोय."

"उद्याचा दिवस ठीक आहे हो," मालकांच्या रांगेतून रोपवाटिका चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. नखांत माती, आवाजात धार. "माझ्या गाडीचं मागचं फळकूट दोनदा निघालं, ते आज कोण बसवणार?"

"बाई, तुम्ही एक गाडी चालवता. आम्ही अख्खी कंपनी चालवतोय."

"चालवा की. उतारावर तरी चालेल."

मालकांच्या रांगेत हशा पिकला. तेजीवाल्यांचे कान लाल झाले. मॅडमनी हसून फळकुटाची नोंद घेतली. मग बाईच म्हणाल्या, "तक्रार तेवढीच. बाकी गाडी गुणी आहे. माझा रोजचा फेरा साठ किलोमीटरचा. धूर नाही, धक्का नाही, रोपं मान न टाकता पोचतात. मला याहून जास्त नकोच आहे."

"ऐकलंत?" तेजीवाले सरसावले. "आणि साठ कशाला, चारशे दहा! मोजणारा माणूस इथेच बसलाय."

सगळ्यांच्या माना काचवाल्याकडे वळल्या. त्याचे बोट खुर्चीच्या दांडीवर जोरात वाजत होते.

"काय हो," शेजारून रोपवाटिकेच्या बाई कुजबुजल्या, "कुणी दार उघडायचंय का?"

तो उभा राहिला. समोरच्या रांगेत दाजी ते पत्रक मांडीवर ठेवून, वर्गातला हुशार मुलगा उत्तर देणार अशा कौतुकाने त्याच्याकडे पाहत होते. ती नजर चुकवण्यासाठी त्याने खिडकीकडे पाहिले, तर खाली त्याचीच गाडी, काचा पाठीवर घेऊन उभी.

"आधी चांगलं सांगतो," तो म्हणाला. "डिझेलच्या गाडीत महिन्याला दोन काचा तडकायच्या. इंजिनाची थरथर काचेला सोसत नाही. या गाडीत चार महिन्यांत एक तडकली, आणि तीही माझ्या हातून, उतरवताना."

टाळ्या पडल्या. त्याला तिथेच बसता आले असते. तो तसाच उभा राहिला.

"आणि चारशे दहा हा रिकाम्या गाडीचा आकडा आहे. घोडी दुमडून परत येतानाचा. काच लादली की दोनशेच्या आसपास. तीनदा बघितलंय."

मग तेजीवाले उठले.

"हेच गृहस्थ पत्रकावर चारशे दहा म्हणतात! मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आता?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं. काच असली की मी आरशात बघतो, पडद्याकडे नाही. आमच्यात सगळे तसेच चालवतात. मोजलं ते येतानाचं. जातानाचंही मोजायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कंपनीने हे लपवलेलं नाही," मॅडम घाईने म्हणाल्या. "चारशे दहाचा आकडा विनाभार गाडीसाठी आहे. तळटीपेत तसं स्पष्ट दिलंय."

"ती तळटीप वाचायला मला माझ्या रोपांएवढं खाली वाकावं लागेल," बाई म्हणाल्या.

आता दोन्ही रांगा एकदम बोलू लागल्या. भार लादायचा नसेल तर पिकअप घ्यायची कशाला, असे एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, पाठीवर असा भिंतीएवढा पसारा उभा करून कोण फिरतो, हा काचवाला म्हणजे हजारात एक. तेजीवाल्यांनी शेवटचा बाण काढला: "एवढी वाईट आहे, तर परत देऊन टाका ना!"

"नाही देणार," काचवाला म्हणाला, आणि उत्तर इतके चटकन आले की त्याचे त्यालाच नवल वाटले. "गाडी चांगली आहे. माझ्या काचा सुखरूप पोचतात. लांबच्या कामाला वाटेत थांबावं लागेल, थांबेन. फक्त चारशे दहा म्हणणार नाही. आणि तो फोटो काढून टाका."

तो खाली बसला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. पत्रक तेवढे तिच्यावर पडले होते.

दाजी खाली गाडीपाशी उभे होते. हातातली फाइल छातीशी धरलेली. काचवाला जवळ आला तरी त्यांनी वळून पाहिले नाही. काचेत दोघांची प्रतिबिंबे दिसत होती, त्यांतल्या त्याच्या प्रतिबिंबाशी ते बोलले.

"किती दिवस माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"तीन रविवार घरी आलास."

"हो."

"तीनही रविवारी माझ्या समोर बसून जेवलास."

"तोंड उघडवलं नाही, दाजी. तुम्ही माझ्या शब्दावर पैसे घातले होते. भाव चढत होता, तुम्ही खुशीत होता. म्हटलं, पुढच्या रविवारी."

"फळ्यावर चुकीचा आकडा गेला," दाजी म्हणाले, "तर मी पोरांसमोर पुसायचो. तिथल्या तिथे. तास संपेपर्यंत थांबलं की पोरं तो वहीत उतरवून घेतात. मग त्यांच्या वह्यांत तो तसाच राहतो."

काचवाल्याने पट्टा ओढून पाहिला. तो घट्टच होता.

"ताईला तूच सांगायचंस. आजच."

"सांगतो."

"या काचा कुठे जायच्यात?"

"दवाखान्याची नवी इमारत आहे. पस्तीस किलोमीटर. तीनला पोचवायच्यात."

दाजींनी दार उघडले आणि ते चालकाशेजारच्या जागेवर जाऊन बसले.

"दाजी, तुमचा फॉर्म. चारच्या आत..."

"तू आरशात बघ," दाजी म्हणाले. "आकडा मी बघतो."

चार्जिंगची तार काढली तेव्हा पडद्यावर शंभर टक्के होते. गाडी आवाज न करता आवाराबाहेर पडली. मोठ्या रस्त्याला लागताच घोडीवर वारा घोंघावू लागला. काचवाल्याची नजर रस्ता, आरसा, पुन्हा रस्ता अशी फिरत राहिली. शेजारून दाजींचा आवाज येत होता, हजेरी घेतल्यासारखा सपाट.

"दोन किलोमीटर. नव्याण्णव."

"चार. अठ्ठ्याण्णव."

"दाजी, वाऱ्यावरही असतं थोडं. आज वारा जास्त..."

"तू बोलू नकोस. सहा. सत्त्याण्णव."

प्रत्येक आकड्यागणिक काचवाल्याला स्टिअरिंगवरचा हात सैल करावासा वाटे आणि हात आणखीच आवळला जाई. पडद्यावरचा आकडा आज, निदान आजच्या दिवस, दाजींच्या समोर थोडा दमाने उतरावा, गाडी दोनशे नाही तर अडीचशेची तरी दिसावी, असे त्याला मनापासून वाटत होते. आणि तसे झाले तर सभेत आपण काय बोललो, हेही वाटत होते. आरशात आठ काचा न थरथरता उभ्या होत्या. शेजारी पेन्सिलीची खरखर सुरू झाली. रेघ ओढल्याचा लांब आवाज, मग दुसऱ्या रेघेचा, मग टिंबटिंब.

"वीस. नव्वद," दाजी म्हणाले. "सरळ रेषा येतेय. एका टक्क्याला दोन किलोमीटर. तुझी दोनशे बरोबर आहेत." मग थोडे थांबून, "आणि काच हलत नाही, तेही बरोबर आहे."

"कागद कुठला घेतलात?" काचवाल्याने विचारले. मान वळवता येत नव्हती.

"बावीस. एकोणनव्वद," दाजी म्हणाले.

पुढच्या चौकात दिवा लाल झाला. गाडी थांबली तेव्हाच काचवाल्याला शेजारी पाहता आले. दाजींच्या मांडीवर फाइल होती आणि फाइलवर तो फॉर्म पालथा घातलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी हाताने, पट्टीने काढल्यासारखे दोन अक्ष ओढले होते. आडव्यावर किलोमीटर, उभ्यावर टक्के, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी टिंबांची रांग. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची सवय. टिंबे कागदातून आरपार उठली होती, आणि पलीकडच्या सुवाच्य अक्षरांना सगळीकडून भोके पडली होती. आता तो फॉर्म कुठल्याच खिडकीवर देता आला नसता.

काचवाला त्या भोकांकडे पाहत राहिला.

"हिरवा झाला," दाजी कागदावरून डोळे न काढता म्हणाले. "आरशात बघ."