तळ्याकडचं दार

आमच्या हॉलमध्ये सध्या चिकटपट्टीनं आखलेलं एक घर आहे, आणि त्याच्या भिंतीवर पाय पडला की माझा नवरा ओरडतो. ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत जायचं तरी आधी त्या घराच्या दारातून आत शिरायचं, पलंगाच्या कडेनं चालायचं आणि समोरच्या दारातून बाहेर पडायचं. घाईत तिरकी गेले की हा विचारणार, भिंतीतून कशी गेलीस. नाटकांचे सेट उभारणाऱ्या माणसाशी संसार मांडला, आता कुणाला सांगते.

हे घर म्हणजे तळ्याकाठची केबिन. नवऱ्याच्या नाटक कंपनीत एक लाईटवाला आहे, त्याच्या मेव्हण्याची. एकच खोली. रस्त्याच्या बाजूला एक दार, गाडी थेट त्याच्यापर्यंत जाते, आणि बरोबर त्याच्यासमोर तळ्याच्या बाजूला दुसरं. उरलेल्या दोन भिंतींपैकी एकीच्या मधोमध पलंग आणि दुसरीच्या मधोमध मोरीचं दार, आत उतरायला एक पायरी. आम्ही दोघं बाहेर तंबू ठोकून राहणार आणि केबिनमध्ये झोपणार माझे सासरे.

त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. डोळे गेल्यापासून त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. तेव्हापासून त्यांनी घराचा उंबरठा म्हणून ओलांडलेला नाही, कारण बाहेर जायचं म्हणजे कुणाचा तरी हात धरावा लागतो. दिवसभर हॉलच्या खिडकीशी बसून असतात. उभा जन्म त्यांनी याच कंपनीत सेट बदलण्यात काढला. दोन प्रवेशांच्या मधल्या मिट्ट काळोखात सोफे हलवले, जिने हलवले, कधी कशाला धडकले नाहीत. अशा माणसाला सुनेनं बोट धरून न्यायचं? मागे एकदा जिन्यात मी हात धरायला गेले, तर असा झटकला की मला रागही आला आणि रडूही. त्यानंतर मीही कधी हात पुढे केला नाही. मलाही मान आहे.

मग एकदा लाईटवाला चहाला आला होता. बोलता बोलता म्हणाला की सकाळी ते तळं इतकं चमकतं, डोळे मिटून बसलं तरी कळतं. बाबांनी मान वर केली आणि जाऊ या म्हणाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. अट मात्र लगेच घातली. केबिनमध्ये मला कुणी हात लावायचा नाही, आणि तिथे माझी फजिती झाली तर पुन्हा बाहेर काढायचं नाव काढू नका. बाबा बोलले म्हणजे बोलले. ही सहल बिघडली की ते आयुष्यभर त्या खिडकीशी बसणार, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून ही तालीम. नवऱ्यानं लाईटवाल्याला फोन करून मापं घेतली, हॉलमध्ये चिकटपट्टी लावली, आतला पलंग ओढत आणला आणि मोरीच्या पायरीच्या जागी सतरंजीची घडी ठेवली. बाबा अनवाणी चालायचे. तळव्याला पट्टीची कड लागायची तेवढी त्यांना पुरे. दारातून आत, उजवीकडे वळलं की पलंग. पलंगावरून उठून सरळ समोर मोरी. पुढे पुढे तर चहाचा कप हातात घेऊन फिरायला लागले, वर गुणगुणणंही. त्यांचं गुणगुणणं मी विसरलेच होते.

उद्या सकाळी निघायचं. आज दुपारपासून मला मेलीला एका जागी बसवेना. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तंबूच्या खुंट्या मोजल्या, टॉर्च लावून पाहिला, विझवला, परत लावला. मग डोक्यात आलं, पलंगावर गादी तरी आहे का? लाईटवाल्याला विचारलं, त्यानं फोटो पाठवला. रस्त्याच्या दारात उभं राहून काढलेला. समोरच्या उघड्या दारातून काठाचे दगड आणि पुढे पाणीच पाणी. गादी होती. पलंग डाव्या हाताला होता.

मी फोन घेऊन चिकटपट्टीच्या दारात उभी राहिले. आमचा पलंग उजव्या हाताला.

नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. तो बघत राहिला आणि मग त्यानं कपाळाला हात लावला. लाईटवाल्यानं सांगितलं होतं, डावीकडे पलंग, उजवीकडे मोरी. आता लाईटवाला बसतो प्रेक्षकांच्या मागे, त्याची डावी बाजू म्हणजे बघणाऱ्याची. आमचा हा वावरतो रंगमंचावर. त्याची डावी म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. बरोबर उलटी. दोघं इतकी वर्षं एका कंपनीत, आणि साधं विचारलं नाही कुणाची डावी म्हणून! मी त्याला नको नको ते बोलले, सगळं दबक्या आवाजात, त्यामुळे समाधानही होईना.

तो म्हणाला, आत्ता पट्ट्या काढून उलट लावतो. मी म्हटलं, पट्ट्या उलटतील, पण त्यांचे पाय? पाठ झालेलं एका संध्याकाळीत पुसलं जातं होय? मग म्हणे त्यांना काही सांगायला नको, दारात गेल्यावर मी हळूच खांद्याला हात लावून वळवेन. म्हणजे अटच मोडली. आणि हा जरा मागे राहिला तर बाबा ऐटीत पलंगावर टेकायला जाणार आणि पायरीवरून थेट मोरीत पडणार. नवरा म्हणाला, मग सहलच रद्द करू, गाडी बिघडली म्हणून सांगू.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे खरं तर त्याला ठाऊक असायला हवं होतं. मी तशीच हॉलमध्ये गेले. बाबा पलंगावर बसले होते, त्यांची पिशवी मांडीवर. मी सगळं सांगून टाकलं. फोटो, डावी, उजवी, सगळं. नवरा दारात उभा होता, खाली मान घालून.

बाबा पायाच्या अंगठ्यानं पट्टीची कड चाचपत राहिले. आता पिशवी बाजूला ठेवतील आणि खिडकीकडे जातील, असंच मला वाटत होतं.

"डावी म्हणजे नटाची, हे मीच शिकवलं ह्या गाढवाला," ते म्हणाले. मग दोन्ही हात हवेत धरून त्यांनी सेट फिरवावा तसे सावकाश फिरवले. "तळ्याकडचं दार उघडं असतं ना?"

असतं, मी म्हटलं.

"मग मी तिकडून आत येईन. तिकडून पलंग उजव्या हातालाच पडतो."

नवऱ्यानं बोटांनी हवेत खोली आखून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. मीही मनातल्या मनात त्या दारातून आत शिरले. उजवीकडे पलंग, समोर मोरी. सगळं जिथल्या तिथे. पण माझा जीव काही भांड्यात पडेना. त्या दाराशी जायचं तर केबिनला वळसा घालून काठाकाठानं जावं लागतं. फोटोत दगड दिसत होते, कठडा कुठेच नव्हता. तेही मी बोलून टाकलं.

"माहितीये," बाबा म्हणाले. "ते काही ह्याच्या चिकटपट्टीनं आखता यायचं नाही."

ते उठले. पट्टीच्या दारातून बाहेर आले, जिथे काहीच आखलेलं नव्हतं तिथे थांबले आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं कोपर पुढे केलं.

"मला याची सवय नाही, सूनबाई. आत्ताच तालीम करून घेऊ."

मी पदराला हात पुसला आणि त्यांचं कोपर धरलं. फार घट्ट धरलं असेल. आम्ही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. नवरा बाजूला सरून भिंतीला टेकून उभा होता.

"जरा सैल धर," बाबा म्हणाले. "पुन्हा एकदा करू."