प्रज्ञाताईचा टप्पा

तळा तालुक्यातल्या आमच्या वाडीत आंबेडकर जयंतीची ज्योत थेट महाडच्या चवदार तळ्यावरून पळत आणतात. पोरं आळीपाळीने पळतात, मागून टेम्पोत पाणी आणि मशालीच्या तेलाचा डबा. पुलापासून विहारापर्यंतचा शेवटचा टप्पा माझ्या बहिणीचा. प्रज्ञाताई क्रॉस-कंट्रीत राज्यात पहिली आलेली, तेही लागोपाठ दोन वर्षं. पुलावर तेल घालायची कधी वेळच आली नाही. ती मशाल घ्यायची आणि आम्ही दम खाईपर्यंत विहाराशी पोचलेली असायची. तिच्या आधीचा टप्पा माझा, त्यामुळे "सुजित, बैलगाडीनं आलास काय रं?" हे मी दरवर्षी ऐकलं आहे.

यंदा जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चढावर तिच्या नडगीचं हाड मोडलं. आधीपासून दुखत होतं, पण सांगेल तर ती ताई कसली! आत सळी घातली. मार्चअखेर मुंबईच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "चाल हवं तेवढं. पळणं मात्र विसर." परतताना एसटीत तिने मला शपथ घातली, "अण्णांना सांगायचं न्हाय." मग खिडकीकडे तोंड करून रडली. मला भयंकर राग आला होता, पण काढणार कुणावर?

अण्णा म्हणजे आमचे वडील. जयंतीच्या बैठकीत ते ठणकावून म्हणाले, "तिचा टप्पा तिलाच. पाय बरा झालाय आता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी माया होती त्या टाळ्यांत, की मला उठून निघून जावंसं वाटलं.

चौदा एप्रिलला सकाळी मी धापा टाकत पूल गाठला. ताई पांढऱ्या ड्रेसवर तिचे पळायचे बूट घालून उभी. मी टेम्पोकडे वळलो.

"तेल घाल."

"हितं कशाला?" टेम्पोवाला सदा म्हणाला. "प्रज्ञा हाय की."

"घाल म्हणतो ना!"

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी मशाल घेतली आणि चालू लागली. पोरं सवयीने धावत पुढे गेली, थांबली, मागे वळून बघू लागली. घोषणा बंद पडल्या. मग एकेक जण मागे येऊन तिच्याबरोबर चालू लागला.

विहाराच्या पायऱ्यांवर अण्णा हार घेऊन उभे होते. वळणावर ज्योत दिसताच दरवर्षीसारखे ते तिला वाट द्यायला लगबगीने बाजूला झाले. आम्ही अजून लांबच होतो. अण्णा बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांना सगळं कळल्याचं मला कळलं. हार पायरीवर ठेवून ते खाली उतरले, चालत आमच्यापर्यंत आले.

"अण्णा, मी..." ताई सांगू लागली.

"तेल हाय ना मशालीत?"

"हाय."

"मग सावकास चल," अण्णा म्हणाले, आणि तिच्या पावलाला पाऊल लावून चालू लागले.