कान बघितलेस ना?

"कुत्र्यात काही खोट नाही, नोलीन," मर्व फोनवर म्हणाला. "खोट माणसात आहे. येऊन घेऊन जा त्याला."

आवाज कसला, वाळक्या पाचोळ्यावरून कोणी पाय ओढत चालल्यासारखी खरखर. नोलीनने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. दुसऱ्या हातात कुत्र्यांच्या खाण्याचं पातेलं होतं, ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"असं काय करतोस, मर्व? दीड वर्षाचा तर आहे तो. ही निळी कुत्री दोन वर्षांची होईपर्यंत पोरकटच असतात. मी तुला तेव्हाच..."

"गुरं काल गेली."

"कुठं गेली?"

"विकली. दोन ट्रक आले नि भरून घेऊन गेले. आता गुरंच नाहीत, तर गुरांचा कुत्रा ठेवून करू काय? सोफ्यावर बसवू? कामाविना हा कुत्रा वेडा होतो, हे तूच सांगत असतेस ना सगळ्यांना, चहा पाजून पाजून?"

तो हसायला गेला, त्याचा खोकला झाला आणि फोन बंद पडला.

मर्व टकवेलने गुरं विकली, हे ऐकून त्या टापूतल्या कोणालाही धक्का बसला असता. ती का विकली गेली हे मात्र फक्त नोलीनला माहीत होतं. खुद्द मर्वला माहीत नव्हतं.

डार्लिंग डाउन्स या कुरणांच्या मुलखाच्या त्या कोपऱ्यात नोलीन हेवर्डच्या कुत्र्यांना मोठं नाव होतं. नवरा गेल्यावर तिने गुरं काढून टाकली आणि कुत्री ठेवली, त्याला तीस वर्षं झाली. पिल्लू न्यायला कोणी आलं की आधी चहा, मग व्याख्यान. निळसर करड्या केसांची ही गुरं वळणारी जात कशी झाली ते ती माहेरची हकिकत सांगावी तसं सांगायची. विलायतेहून आणलेली कुत्री इथल्या उन्हात धापा टाकायची आणि भुंकून भुंकून गुरं उधळून लावायची. मग गुरंवाल्यांनी त्यांच्यात डिंगोचं, इथल्या रानकुत्र्याचं रक्त मिसळलं. गुपचूप मागून जाऊन टाच धरायची आणि लाथ बसायच्या आत जमिनीला चिकटायचं, ही अक्कल त्या डिंगोची. पुढे म्हणे त्यात ठिपक्यांचा डाल्मेशियन आला आणि धन्याची माया त्याच्याकडून आली. "याला जन्मात एकच माणूस पुरतो," असं ती अभिमानाने म्हणायची. "बाकीच्यांनी घसा फोडून हाका मारा, ढुंकून बघायचा नाही."

ठिपक्यांबरोबर आणखी एक गोष्ट रक्तात आली होती. ती चहाच्या वेळी निघायची नाही. अधूनमधून एखादं पिल्लू बहिरं निपजायचं.

त्यावर नोलीनची साधी परीक्षा होती. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की ती गाढ झोपलेली असताना मागे उभं राहायचं आणि लोखंडी पातेल्यावर पळी हाणायची. जे दचकून उठेल ते पास. जे उठणार नाही त्याला डॉक्टरांच्या सुईने कायमचं निजवायचं, नाहीतर खरं काय ते सांगून, भक्कम कुंपण असलेल्या एखाद्या घरी पाळायला द्यायचं. गुरांत मात्र सोडायचं नाही. मागून येणारा बैल त्याला ऐकू येणार नाही आणि पुढून मारलेली हाकही. तीस वर्षांत तिने हे दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा रडून. लोकांना ते ठाऊक होतं, म्हणून तर लोक तिच्या दारी यायचे.

नोलीनच्या बिडी या कुत्रीच्या तिसऱ्या वेतात सहा पिल्लं होती. पळी वाजली तशी पाच जणं एकमेकांवर कोसळत उठली. सहावं उठलं ते भावंडांच्या धक्क्याने. नोलीनने त्याला एकट्याला गोणपाटावर निजवलं, झोप लागू दिली आणि पुन्हा पळी हाणली. पिल्लाच्या पोटाची वरखाली होणारी लय जराही चुकली नाही.

त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. पिल्लू देखणं होतं, दोन्ही डोळ्यांवर सारखे काळे चट्टे, छाती भरलेली. बिडीची आधीची दोन वेतं बारा-तेरा शेतांवर कामाला होती आणि पुढच्या महिन्यात बिडी गावच्या प्रदर्शनात उतरायची होती. बिडीच्या पोटी बहिरं पिल्लू आलं ही बातमी फुटली असती, तर प्रत्येक जण आपापल्या कुत्र्याचे कान तपासून बघत बसला असता. पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणून तिने ते ढकललं. आठवड्यामागून आठवडे गेले आणि एक दिवस मर्व आला.

त्याच्या गळ्याभोवती रुमाल होता. घशाचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेला. हा तोच मर्व, ज्याने ओढ्याच्या अलीकडून हाक मारली की पलीकडच्या लोकांच्या गाईही माना वळवायच्या. त्याचं म्हातारं कुत्रं त्याच हिवाळ्यात गेलं होतं. पाच पिल्लं त्याच्या बुटांशी खेळत होती आणि सहावं समोर बसून त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होतं.

"बघ, बघ कसा तोंडाकडे बघतोय!" मर्व कुजबुजला. त्याला आता एवढंच जमायचं. "असं पिल्लू मी उभ्या जन्मात बघितलं नाही. हाच पाहिजे मला."

ऐकू न येणारं पिल्लू तोंडाकडेच बघणार. नोलीनला ते कळत होतं. पण महिनाभरात मर्व पहिल्यांदा हसला होता.

"कान बघितलेस ना?" त्याने नेहमीच्या सवयीने विचारलं.

"बघितले," नोलीन म्हणाली.

खोटं नव्हतंच ते. बघितलेच होते. त्या एका शब्दावर तिने वेळ मारून नेली. पहिले दोन-चार दिवस तो शब्द तिला पुरलाही. मग तो तिला खाऊ लागला.

मर्वने पिल्लाचं नाव टग ठेवलं. एका श्वासात फेकता येईल असंच नाव कुत्र्याला ठेवावं, असं त्याचं मत होतं. टगचं बिंग फुटलं नाही याचं कारण ती जातच. तो पाहुण्यांच्या हाकेला वळला नाही तर लोक म्हणायचे, निळा कुत्रा आहे, परक्याचं कशाला ऐकेल? घरात मर्व एकटा, जमीन लाकडी. बूट वाजला की फळी हलायची आणि टग उठायचा. समोर असला की सगळं करायचा, कारण मर्व बोलताना हात हलवायचा. आपण हात हलवतो हे मर्वच्या गावीही नव्हतं.

मार्चमध्ये वासरांना डाग द्यायला शेजारी जमले, तेव्हा नोलीनही केक घेऊन गेली होती. टग पाठमोरा होऊन एका कालवडीमागे पळाला आणि तिला भलत्याच फाटकाकडे घेऊन चालला. मर्व हाका मारत राहिला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, तोंड लाल झालं आणि बाहेर आली ती नुसती फुसफुस.

"मर्व, पत्र टाक त्याला!" कुंपणावर बसलेला शेजारी डेस ओरडला. "परवापर्यंत पोचेल!"

सगळे हसले. मर्वही हसला. पण त्याने आपल्या गळ्याला हात लावला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. नोलीनने ते पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. ती केक कापत मूग गिळून बसली. वर म्हणालीसुद्धा, "माणसांना बुजतो रे जरा."

आज मात्र पिकअप चालवताना ती वाक्य जुळवत होती. मागे हौद्यात बिडी बसली होती, ती नेहमीच सोबत असायची; मर्वचा आवाज खणखणीत होता तेव्हा ती त्याच्याही हाकेला धावायची. कुरणावर दहिवर होतं आणि टकवेलांच्या कुरणात एकही जनावर नव्हतं. रिकामं कुरण एवढं मोठं दिसतं हे तिला माहीत नव्हतं.

मर्वने व्हरांड्यात चहा ठेवला. टग त्याच्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता.

"समोर असला की हिरा आहे," मर्व म्हणाला. "पाठ वळली की संपलं. मी बोंबलतो, नोलीन, घसा सोलून निघेल इतका. पण पोचतच नाही. कुत्र्याला कळतं, कोणाच्या आवाजात दम राहिलाय नि कोणाच्या नाही."

"डेस शिट्टी घे म्हणत होता ना?"

"शिट्ट्या मेंढीवाल्यांनी फुंकाव्यात. मी काय पोलीस आहे?" त्याने कपातला चहा फिरवला. "शेरीलचा फोन येतो पर्थहून दर रविवारी. मी उचलत नाही. ज्या आवाजाला कुत्रा भीक घालत नाही, तो पोरीला काय ऐकवायचा? आज तुला फोन केला, तोसुद्धा अर्धा तास मनाशी घासाघीस करून."

आता बोल, नोलीनने स्वतःला बजावलं. "त्याचा पट्टा कुठंय?" एवढंच ती म्हणाली. स्वतःची तिला किळस आली.

मर्व आत जाऊन सामान घेऊन आला. पट्टा, ब्रश, अर्धी उरलेली खाण्याची पिशवी. वर एक कागद होता, प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला. प्रत्येक पिल्लाबरोबर नोलीन तो द्यायची. वर्षातून दोनदा केस गळतात, तेव्हा रोज ब्रश करावा. शिजलेली हाडं देऊ नयेत. नखं महिन्याला कापावीत. कान आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने पुसावेत.

त्या शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. समास भरला म्हणून मागच्या बाजूवर गेलेल्या. दर आठवड्याची एक.

"त्या कानांची फार निगा ठेवली मी," मर्व म्हणाला. "म्हटलं, न ऐकायला कुत्र्याला सबब नको."

नोलीनने त्या रेघांवरून बोट फिरवलं. तिने कागद टेबलावर ठेवला.

"मर्व, तो बहिरा आहे."

"कोण?"

"टग. दोन्ही कानांनी. जन्मापासून. तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण... त्याला डेसचा भोंग्यासारखा आवाजही ऐकू गेला नसता."

मर्व टगकडे पाहत राहिला. टगने त्याची नजर पकडली आणि शेपटी आपटली.

"तुला कधी कळलं?"

"पाच आठवड्यांचा होता तेव्हा."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणालीस, बघितले."

"हो, मर्व."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिने खाली मान घालून ऐकल्या असत्या. तो उठला आणि पायऱ्या उतरून आवारात गेला. पाण्याच्या टाकीपलीकडे, गुरांच्या रिकाम्या कुंपणापर्यंत चालत गेला. तिथं तो पाठ करून उभा राहिला.

"बिडी!"

फाटक्या कापडासारखा आवाज. व्हरांड्यात बसलेल्या नोलीनलाही तो जेमतेम ऐकू आला. पण पिकअपच्या हौद्यात बिडीचे कान उभे राहिले. तिने उडी मारली, धुरळा उडवत आवार ओलांडलं आणि त्याच्या टाचेशी जाऊन बसली.

मर्वने खाली बघितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग कुंपणाच्या वरच्या दांडीला धरून तो नुसता उभा राहिला. नोलीन जवळ गेली, पण फार जवळ जायची तिची हिंमत झाली नाही.

"मी मारलं त्याला," मर्व तिच्याकडे न बघता म्हणाला. "दोनदा. पट्ट्याने."

"मर्व..."

"पन्नास वर्षांत कुत्र्यावर हात उचलला नव्हता मी. ऐकून न ऐकल्यासारखं करतोय असं वाटलं. पाठमोरा होता दोन्ही वेळा. मी येतोय हेसुद्धा त्याला कळलं नसेल." त्याने खाकरून घसा साफ करायचा प्रयत्न केला. "फटका कुठून आला हे बघायला तो वळला, नि मी दिसल्यावर शेपटी हलवायला लागला. मला वाटलं, निर्लज्ज आहे."

नोलीनच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. गुरं गेली त्याची ती माफी मागणार होती, बोलली नाही त्याची मागणार होती. पट्ट्याचे हे फटके तिच्या हिशेबातच नव्हते.

"ट्रक परत बोलावता येतील," ती कशीबशी म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी. सगळं सांगते. कुत्रेवाल्यांच्या क्लबातही सांगते."

"सांग, नाहीतर नको सांगू," मर्व म्हणाला. "तुझी कुत्री घे नि जा. टग इथंच राहील."

तिने बिडीला घेतलं. पिकअपचं दार उघडताना तिने मागे वळून पाहिलं. मर्व व्हरांड्याच्या पायरीशी गेला होता. टग उठून त्याच्या वाटेकडे तोंड करून थांबला होता. मर्वने एक गुडघा टेकला, मग मोठ्या कष्टाने दुसरा. दोन्ही हातांनी त्याने कुत्र्याचं तोंड आपल्या तोंडासमोर धरलं आणि तो बोलू लागला.

तो काय बोलत होता ते नोलीनला ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलत होते आणि टग त्यांच्याकडे एकटक बघत होता. तिने इंजिन सुरू केलं, तरी दोघांपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.