चाकाच्या बोल्टची खंडेनवमी

मी एक जुना बोल्ट आहे. मित्रांनो, हसू नका. शाळेची घंटा बोलते, नदीकाठचा वड बोलतो, राजाची तलवार तर बोलायची थांबतच नाही. त्यांचं तुम्ही कान देऊन ऐकता. मग चाकाच्या बोल्टने तुमचं काय घोडं मारलं आहे?

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या सळईचा एक तुकडा तोडला, दाबून त्याला सहा कडांचं डोकं दिलं आणि अंगावर आटे पाडले. तो तुकडा म्हणजे मी. एका गाडीच्या पुढच्या उजव्या चाकात चार भावंडांसोबत मला बसवलं आणि गाडी समुद्र ओलांडून अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँड या गावी आली. तिथे पद्मिनी नावाच्या बाईंनी ती विकत घेतली. पद्मिनी पाइपलाइनच्या डिझाइनचं काम करते. रोज ह्यूस्टनला जायचं, रोज परत यायचं. गाडी छान पळाली की लोक इंजिनचं कौतुक करत, कधी रंगाचं करत. "चाकाचे बोल्ट काय छान धरतात हो!" असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

खोटं कशाला बोलू, एक माणूस होता. पद्मिनीचे वडील, जगन्नाथराव. बायको गेल्यावर ते पुण्याहून लेकीकडे राहायला आले. नोकरी बँकेत केली होती, पण जीव सगळा हत्यारांत. त्यांचे वडील ऑइल इंजिनं दुरुस्त करत. त्या वडिलांची पान्यांची आणि गोट्यांची पेटी ते विमानातून सोबत घेऊन आले होते. गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी पान्याची पोकळ नळी. "पप्पा, इथे सगळं मिळतं हो, हे लोखंड कशाला वाहून आणलंत?" असं पद्मिनी म्हणाली, तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

दरवर्षी खंडेनवमीला ते घरातली सगळी हत्यारं देवघरापुढे पाटावर मांडत. आजोळच्या विळीपासून गाडीतल्या जॅकपर्यंत सगळी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, दिवा. आणि एक नियम: पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही विश्रांती हवी, असं ते म्हणत. मग बाहेर येऊन गाडीच्या चाकांनाही कुंकू लावत. ते बोट माझ्यापर्यंत यायचं. मला फार बरं वाटायचं.

मात्र मित्रांनो, फुलाने गंज थांबत नाही. एकदा टायरच्या दुकानात चाक काढलं, तेव्हा तिथल्या माणसाला घाई होती. त्याने माझे आटे पुसले नाहीत. मला हाताने दोन वेढे देऊन बसवायचं, तेही केलं नाही. हवेच्या दाबावर फिरणारं पान्याचं यंत्र लावलं, घर्रर्र केलं आणि मला वाकडं-तिकडंच आत घुसवलं. त्यानंतर तिथल्या दमट हवेने आपलं काम केलं. माझे आटे आणि चाकामागचं लोखंड हळूहळू एक झाले. मी आतून ओरडत होतो, पण बोल्टचं ओरडणं कोणाला ऐकू येतं!

मग तो खंडेनवमीचा दिवस आला.

मेक्सिकोच्या आखातातलं वादळ दुसरीकडे जाईल असं सगळे म्हणत होते. सकाळी उठून पाहतात तो त्याने तोंड आमच्याकडे वळवलेलं. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर येणार, गाव सोडा, असा आदेश फोनवर वाजला. इतरांना वादळाची भीती होती, पद्मिनीला विजेची. जगन्नाथरावांची फुप्फुसं थकलेली होती. नाकातल्या नळीला ऑक्सिजन देणारं यंत्र भिंतीतल्या विजेवर चालायचं. गाव अंधारात गेलं तर ते यंत्र बंद. बॅटरीवरचं छोटं यंत्र होतं, पण ते प्रवासापुरतं.

"आपण दुपारपर्यंत आसावरीकडे सॅन अँटोनिओला पोचू," पद्मिनी म्हणाली. आसावरी ही तिची जुनी मैत्रीण. पद्मिनीची लेक प्रीता दसऱ्यासाठी जर्सी सिटीहून आली होती. ती बॅगा घेऊन बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "आई! टायर इज टोटली फ्लॅट!"

माझंच चाक. टायर कडेला बोटभर फाटलेला. हवा भरून भागणार नव्हतं. डिकीत दुसरं चाक होतं. जॅक आणि चाकाचा पाना मात्र सकाळीच पूजेला बसले होते.

पद्मिनीने दारातून आत पाहिलं. पाटावरचा दिवा शांत जळत होता आणि जगन्नाथराव नळी सावरत आरती पुटपुटत होते. "पप्पांना काही सांगू नकोस," ती लेकीला म्हणाली. "त्यांचा दिवस आहे आज. शेजारच्या अतुलकडून जॅक आणते, आणि गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये तो ॲडजस्टेबल पाना आहे. होऊन जाईल."

मित्रांनो, ती इंजिनीअर आहे. सैल जबड्याचा पाना घट्ट बोल्टला लावू नये, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बापाचं मन मोडायचं नाही म्हणून लावला. अतुल जॅक देऊन, बायको-मुलांना भरगच्च गाडीत कोंबून निघूनही गेला. माझी चार भावंडं कुरकुरत का होईना, सुटली. मग पाना माझ्याकडे आला. पद्मिनीने जोर केला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्याची एकेक कड खरवडून घेऊन गेला. शेवटी प्रीताने दात असलेली पक्कड आणली. तिने उरलंसुरलं काम केलं. सहा कडांचं माझं डोकं सुपारीसारखं गोल झालं.

"हट्टी मेला!" पद्मिनी म्हणाली.

माझ्या जिवाला ते फार लागलं. मी हट्टी नव्हतो हो. मला सुटायचं होतं. त्या क्षणी जगात माझ्याइतकी सुटायची घाई कोणालाच नव्हती. पण बोल्टला स्वतःहून फिरता येत नाही. कोणीतरी धरावं लागतं, आणि धरायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

पद्मिनीने मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक बाई म्हणाली की आज त्या भागात कोणी येणार नाही. भाड्याच्या गाड्यांच्या ॲपवर एकही गाडी दिसेना. आजारी लोकांना न्यायला बसगाड्या होत्या, पण त्यासाठी आधी नाव द्यायचं होतं. घरात चांगली गाडी असताना नाव कोण देतं? गल्लीतल्या घरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, अंगणं रिकामी. वारा वाढला होता आणि आकाशाला पिवळट रंग चढला होता. पद्मिनी माझ्यासमोर काँक्रीटवर बसली आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून रडू लागली. तिच्या हाताचं ग्रीस गालाला लागलं.

प्रीता फोनवर व्हिडिओ बघत होती. "आई, लिसन. राउंड झालेल्या बोल्टवर थोडी स्मॉलर गोटी हातोडीने ठोकून बसवायची. इट बाइट्स. मग लांब दांडा लावून फिरवायचं. पण आपल्याकडे स्मॉलर साइझ कुठेय?"

पद्मिनीने डोळे उघडले. तिला ठाऊक होतं कुठे आहे ते. आजोबांच्या पेटीतल्या गोट्या इंचाच्या मापाच्या होत्या. या गाडीचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे, एकालाही त्या नीट बसत नसत. त्यातली एखादी माझ्यापेक्षा किंचित लहान असणारच. आणि ती पेटी पाटावर, फुलांखाली होती.

"नको," ती म्हणाली. "उद्याशिवाय ते हात लावू देणार नाहीत. आणि आज चिडले, धाप लागली तर?"

"आई, आर यू सीरियस? उद्या? उद्या इथे लाइट नसणार!"

तेवढ्यात घरातले दिवे मिटले. आतलं यंत्र एका सुरात किंचाळू लागलं. दोघी धावल्या. मला फक्त तो आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजापुढे माझा गंज, माझं दुखणं, सगळं क्षुल्लक वाटलं. थोड्या वेळाने दिवे परत आले. किंचाळणं थांबलं. मग जगन्नाथरावांचा आवाज आला, तुटक आणि रागावलेला.

"गाडीला काय झालंय? मला का नाही सांगितलंत?"

पद्मिनीने सांगितलं. सगळं, रडत रडत. "तुमची पूजा मोडायची नव्हती, पप्पा."

जगन्नाथराव म्हणाले, "अगं वेडे, हत्यारांची पूजा कशाला करतो आपण? वेळेला हाताशी यावीत म्हणून ना? आण त्या अक्षता."

त्यांनी तिथेच उत्तरपूजा केली. मंत्र अर्धेच म्हटले, पुरता श्वास नव्हता. पेटीवर अक्षता टाकल्या आणि ती जागची हलवली. "झाली पूजा. घ्या."

नळी ओढत ते गॅरेजच्या उंबऱ्यापर्यंत आले. नळी तिथवरच पुरायची. प्रीताने पहिली गोटी माझ्या डोक्यावर ठेवली. ती सैल निघाली, गरगर फिरली. दुसरी इतकी लहान की बसेचना. तिसरीवर हातोडी पडली. मित्रांनो, तो मार मी जन्मात विसरणार नाही. घाव घाव घाव. गोटीच्या आतले दात माझ्या गोल डोक्यात रुतले आणि किती तरी वेळाने मला वाटलं, आता मला कोणीतरी धरलं आहे.

अंगणातल्या छत्रीचा पोकळ लोखंडी दांडा गोटीच्या पान्यावर चढवला. मायलेकींनी मिळून जोर लावला. मी हललो नाही. माझे आटे मला सोडत नव्हते. "पुन्हा!" प्रीता ओरडली. दांड्याला किंचित बाक आला. पद्मिनीचे पाय काँक्रीटवरून घसरले. पावसाचे पहिले आडवे फटके अंगावर आले. मी मनात म्हणालो, तुटलो तरी चालेल, पण आता सोडा रे मला.

कट्ट!

आधी दोघींना वाटलं मी तुटलो. मलाही तसंच वाटलं. मग पुन्हा जोर लावला आणि मी गंजाची भुकटी सांडत, किरकिरत फिरलो. प्रीता आनंदाने किंचाळली. उंबऱ्यावर जगन्नाथराव भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचे दोन्ही हात जोडलेले होते.

दुसरं चाक माझ्या चार भावंडांवर बसवलं आणि गाडी निघाली. मी गोटीतच रुतून बसलो होतो. ती गोटी जगन्नाथरावांनी मांडीवर, छोट्या यंत्राशेजारी ठेवली होती. रस्त्यावर गाड्यांची रांग संपत नव्हती. यंत्राच्या बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा झाला. पद्मिनी वारंवार आरशात बघत होती. अंधारात बसून मी एकच गोष्ट ऐकत होतो, म्हाताऱ्याचा श्वास. आसावरीच्या दारात गाडी थांबली तेव्हा प्रीता यंत्र उराशी धरून धावली आणि भिंतीत प्लग घुसवला. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून जगन्नाथराव झोपले.

शुगर लँडमधली वीज त्या संध्याकाळी गेली ती आठवडाभर आली नाही.

मला नंतर ठोकून गोटीतून बाहेर काढलं. माझ्या जागी नवा बोल्ट आला. पण पद्मिनीने आधी जागा तारेच्या ब्रशने घासली, त्याला हाताने दोन वेढे दिले आणि मगच पाना लावला. आता ती वर्षातून दोनदा सगळे बोल्ट सोडवून, पुसून परत बसवते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या सायकलीचा, पंख्याचा, गाडीचा जो बोल्ट तुम्हाला दिसतही नाही, त्याला अधूनमधून असंच हाताळा. आम्हाला फूल आवडतं, पण त्याआधी गंज पुसलेला जास्त आवडतो.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर पेटीशेजारी माझी जागा होती. प्रीता चाकाचा पाना आणायला निघाली, तशी जगन्नाथरावांनी तिला अडवलं.

"तो गाडीतच राहू दे," ते म्हणाले. "त्याची पूजा तिथेच करू."

मग नळी ओढत ते सावकाश गॅरेजकडे निघाले. नळी गाडीच्या डिकीपर्यंत पोचली. पद्मिनीने ती मुद्दाम लांब घेतली होती.