दंडावरची राख

हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात शेणीची राख रुपेरी दिसते. सगुणाकाकूच्या अंगठ्यावर ती तशीच चिकटलेली होती. काकू आठवते ती त्या अंगठ्यानेच: झोडणीच्या दिवसांत भाताच्या काडांनी चिरलेला, कडांना खरखरीत, आणि लेकीच्या अंगावर फिरताना सायीसारखा हलका.

देवी टोचणारा आमच्या पासली गावात आला तेव्हा खळ्यावर झोडणी चालू होती. त्याने काकूच्या गोजीचा आणि माझा दंड खरवडून लस लावली आणि बजावले, पुसू नका, वाळू द्या. तो बांधापलीकडे दिसेनासा होताच आयांनी पदर ओले केले. लस पुसायची आणि वर राख चोळायची, ही तिथली रीत. लेकरू तापू नये, देवी कोपू नये म्हणून.

काकूने गोजीचा दंड पुसला. माझ्यापाशी मात्र तिचा अंगठा थांबला. मी तिच्या वारलेल्या जावेची पोर. वडील भोरला नोकरीला.

"हिची नगं व्हय पुसाया?" शेजारची हौसा म्हणाली.

"हिच्या बापानं बजावलंय. दुसऱ्याची ठेव हाय, म्या न्हाई हात लावायची."

"आन् पोर फणफणली म्हंजी?"

"फणफणू दे. माजी गोजी तेवढी सुखात ऱ्हाऊ दे, बया."

मी तापले. दंड ठणकला, फोड पिकले, खपल्या पडल्या. गोजी अंगणात हुंदडत राहिली आणि काकूच्या हसण्याला त्या दिवसांत नव्या तांदळाचा वास होता.

चैत्रात गावात देवी आल्या. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, चुलीवरची फोडणी थांबली, मोठी माणसे कुजबुजीत बोलू लागली. गोजीच्या अंगावर बोट टेकायला जागा उरली नाही. तिच्याच वाकळेत निजणाऱ्या मला एक पुटकुळीही उठली नाही.

गोजीला नेले त्या सकाळी काकू रडली नाही. तिने माझी बाही वर सारली आणि दंडावरच्या वणांकडे पाहतच राहिली. तिचा चेहरा उन्हाने फटफटलेल्या भिंतीसारखा कोरा झाला होता. मग एकेका वणावर तिने अंगठा टेकवला.

"ह्येच म्या पुसलं व्हय गं?"

आता काकूही नाही. कातडीबरोबर ते वण ताणले गेले, फिकटले, पण इतक्या वर्षांना ते पुसता आले नाहीत. गोजीला जगायला एवढीशीच जागा पुरली असती.